वळीव यायच्या आत धुराडं साफ करून घ्या

बेळगावात जुन्या कौलारू घरांची शाकारणी एप्रिल-मे मध्ये होते, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की धुराडं पण त्याच आठवड्यात साफ करून घ्या, थंडी पडल्यावर नको. बहुतेक घरात उलटं होतंय, डिसेंबरात बंब पेटवला की धूर न्हाणीत परत येतो आणि मग माणूस शोधायची धावाधाव. काजळीवर पावसाचं पाणी पडलं की ते ॲसिडसारखं होतं, आमच्याकडची धुराडी विटांची नाहीतर जांभ्याची, सांधे चुन्याचे, तो चुना पावसाळाभर आतून खाल्ला जातो. शिवाय मे महिन्यात कौलं परतायला गवंडी मामा वर चढलेलेच असतात, शिडी लागलेली असते, त्यांचा वेगळा दिवस भरावा लागत नाही.

तर तयारी. ज्या दिवशी साफ करायचं त्याच्या आदल्या दिवशीपासून चूल नाही, बंब नाही, पूर्ण २४ तास काही पेटवू नका, कारण राखेत निखारा कितीतरी वेळ जिवंत राहतो. ती राख काढताना पत्र्याच्या घमेल्यातच काढा आणि अंगणात उघड्यावर ठेवा, प्लास्टिकच्या बादलीत किंवा थेट कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. मग सामान गोळा करा. लांब बांबू, त्याच्या टोकाला काथ्यानं घट्ट बांधलेला खराटा (तारेचा ब्रश जुन्या चुन्यावर जोरात घासू नका, गिलावाच निघून येतो, आणि पत्र्याचा पाइप असेल तर त्याला पण ओरखडे पडतात), दोन-तीन गोणपाटं, जुन्या चादरी, टॉर्च, एक हातआरसा, आणि एन-९५ मास्क, गॉगल, फुल बाह्यांचा जुना शर्ट. मास्कला कंटाळा करू नका बगा, लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननं १७७५ मध्येच लिहून ठेवलंय की धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा कॅन्सर काजळीमुळं होतो. तोंडाला रुमाल बांधून ती बारीक पूड अडत नाही. घरातला व्हॅक्यूम पण लावू नका, काजळी फिल्टरमधून निघून सगळ्या खोलीभर बसते.

काम सुरू करायच्या आधी चुलीच्या वरचं तोंड ओल्या गोणपाटानं बंद करा, भांडी, पिठाचे डबे, देव्हारा सगळं झाकून घ्या. पण गोणपाट लावायच्या आधी खालच्या बाजूनं आरसा तिरका धरून टॉर्च मारा. वर आभाळाचा तुकडा दिसला तर रस्ता मोकळा आहे (सरळ धुराड्यात, वाकडं असेल तर वरूनच बघावं लागतं). कोरडी काजळी खराट्यानं झडते, पण डांबरासारखा काळा चकचकीत थर दिसला तर तो ओल्या लाकडाचा, नाहीतर काजूच्या टरफलांचा, कारण त्यात तेल असतं. तो थर घरच्या खराट्यानं निघत नाही आणि तोच पेट घेतो, त्यामुळं तो दिसला तर जाणता माणूस बोलवून काढून घेईपर्यंत चूल पेटवू नका. आणि गवताची पेंढी पेटवून धुराडं जाळून साफ करायची जुनी पद्धत कुणी सांगितली तर ऐकू नका, वाशांना लागून घर जातं.

आमच्या शहापुरातल्या घरात एका थंडीत काकूंना न्हाणीत चक्कर यायला लागली, डोकं धरायचं, मळमळायचं, आम्ही पित्त समजून आलं-लिंबू देत बसलो. बंबात निखारे फुललेले असायचे, धूर काहीच दिसत नव्हता म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चौथ्या दिवशी वर बघितलं तर पारव्यांनी काड्या भरून तोंड बुजवलेलं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. काकू वाचल्या कारण त्यांना दाराला कडी न घालायची सवय होती. तेव्हापासून मी भेटेल त्याला हे सांगते. घरात एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, आग विझवायच्या नादाला लागू नका, आणि १०८ ला फोन करा.

वर चढणाऱ्यानं मंगळोरी कौलांवर पाय द्यायचा नाही, आडवी फळी किंवा शिडी टाकून तिच्यावरनं जायचं. विजेची तार जवळ असेल तर आधी लाइन बंद करून घ्या. वर गेल्यावर तीन गोष्टी बघायला सांगा: टोपी सरकली आहे का, पक्ष्यांसाठी जाळी आहे का (फार बारीक नको, काजळीनं बुजते), आणि धुराडं कौलातून बाहेर येतं तो सांधा. गळती सगळ्यात जास्त तिथंच. माळ्यावर जाऊन धुराड्याला टेकलेला वासा काळा पडलाय का ते पण बघा, लाकूड आणि धुराड्यात दोन इंच तरी जागा पाहिजे. भेगा असतील तर चुन्याचं काम चुन्यानंच करा, सिमेंट घट्ट बसतं, चुना हलतो, मग भेग शेजारी पडते. गवंडी मामा सिमेंट स्वस्त म्हणतील तरी.

ज्यांनी बंब काढून गॅस गीझर बसवलाय आणि न्हाणीचं जुनं धुराडं बुजवलंय, त्यांनी तर आजच बघा. तो गीझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत पाहिजे, बंद न्हाणीत नको.

सगळं झालं की गोणपाट काढा, खाली पडलेली काजळी उचला, आणि मूठभर सुक्या करवंट्या पेटवून धूर कुठं जातोय बघा. सरळ वर गेला तर झालं. खोलीत परत आला तर लगेच विझवा, खिडकी उघडा आणि मामा शिडी काढून न्यायच्या आत त्यांना परत वर पाठवा.