दाढ किडलीये? आधी वाळवा, मग बघा, मगच मशीनला हात लावा

हे मुख्यतः नुकतं क्लिनिक टाकलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय, पण पेशंट लोकांनी वाचलं तरी हरकत नाही, उलट वाचाच, चेअरवर बसल्यावर डॉक्टरला चार प्रश्न नीट विचारता येतील. कॉलेजात आपण क्लास वन, क्लास टू (खड्ड्यांचे ठरलेले प्रकार) करत खड्डे कोरायला शिकतो, कोटा भरायचा असतो ना, मग प्रॅक्टिसमध्ये आल्यावरही काहीतरी काळं दिसलं की हात आपोआप एअरोटरकडे (दात कोरायच्या मशीनकडे) जातो. माझं म्हणणं एवढंच की खड्डा पडणं हा किडीचा बराच उशिराचा टप्पा आहे, त्याच्या आधी कित्येक महिने दात मिनरल गमावत असतो आणि लाळ ते परत भरत असते, ही ओढाताण चालू असताना पकडलं तर बऱ्याचदा मशीन लागतच नाही.

आता पकडायचं कसं. कॉटन रोल ठेवा, दातावरचा प्लाक (जंतूंचा चिकट थर) ब्रशने साफ करा (कीड त्याच्याच खाली लपलेली असते), आणि थ्री वे सिरिंजने (हवा-पाणी मारायच्या नळीने) पाचेक सेकंद नुसती हवा मारा. ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसत नाही, कारण इनॅमलला (दाताच्या बाहेरच्या कडक थराला) पडलेल्या बारीक छिद्रांत पाणी भरलेलं असतं, हवा मारली की ते उडून जातं आणि हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा पट्टा वर येतो. वाळवल्यावरच दिसला तर बाहेरच्या थरातलं प्रकरण, ओला असतानाही दिसत असेल तर आत बऱ्यापैकी खोल गेलंय असं धरा. पट्टा खरखरीत आणि निस्तेज असेल, वर प्लाक असेल, शेजारची हिरडी लगेच रक्त काढत असेल तर कीड चालू आहे. तोच डाग तपकिरी, चकचकीत आणि टणक असेल तर ती थांबलेली आहे. चाळिशीतल्या माणसाच्या दाढेच्या खाचांमधल्या काळ्या रेघा वर्षानुवर्षं तशाच असतात, त्या फोडून सिमेंट भरायची काही गरज नसते, फोटो काढून ठेवा आणि सोडून द्या. पण खाचेच्या बाजूला इनॅमलखालून करडी निळसर सावली दिसत असेल तर सावध, वरून टाचणीएवढं भोक आणि आत डेंटिन (इनॅमलखालचा मऊ थर) पोखरलेलं, असं बऱ्याचदा निघतं.

आणि कृपा करून तो टोकदार प्रोब (दात तपासायची सुई) खाचेत रोवून "अडकतोय का" बघणं बंद करा. पांढऱ्या डागाचा वरचा पापुद्रा शाबूत असतो आणि नुकसान त्याच्या खाली असतं, आपण टोक दाबलं की तो पापुद्रा फुटतो, म्हणजे जे फ्लोराइडने भरून आलं असतं तिथे आपणच भोक पाडून दिलं. गोल टोकाचा प्रोब घ्या आणि अलगद फिरवा, खरखर लागते का एवढंच बघायचंय.

दोन दातांच्या मधली कीड मात्र नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही, तिथे बाईटविंगच (वरचे-खालचे दात एकत्र चावून काढायचा छोटा एक्सरे) काढा. आपल्याकडे दुखणाऱ्या दाताचा एक एक्सरे काढून मोकळे होतात, नाहीतर डायरेक्ट ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे), आणि ओपीजीत दातांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या दिसतात, मग तिथे काय कळणार? बाईटविंगवर काळी खूण फक्त इनॅमलमध्ये असेल तर मशीन नको, फ्लॉस, फ्लोराइड आणि पुन्हा तपासणी. डेंटिनमध्ये चांगली आत गेली असेल तर उघडावंच लागतं. नुकती डेंटिनला टेकलेली असेल आणि ठरवता येत नसेल तर एक सोपी युक्ती आहे, ऑर्थोवाले (वाकडे दात सरळ करणारे) वापरतात तो रबरी सेपरेटर दोन दातांमध्ये घालून पेशंटला दोन-तीन दिवसांनी बोलवा, फट पडलेली असते, मग खड्डा आहे की नाही ते सरळ डोळ्यांनी बघा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा भागात बसलेल्यांनी अजून एक लक्षात ठेवावं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं (भारतीय मानक १ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत), त्यामुळे तिथल्या मुलांच्या दातांवर पांढऱ्या किंवा तपकिरी खुणा असतातच. फ्लोरोसिसच्या (म्हणजे या जास्तीच्या फ्लोराइडच्या) रेघा डावीउजवीकडे सारख्या असतात आणि दातभर आडव्या पसरलेल्या असतात, किडीचा डाग जिथे प्लाक साचतो तिथेच, हिरडीलगत बसतो. म्हणून घरी पाणी कुठलं हे आधी विचारा. फ्लोरोसिस आहे म्हणजे दात किडणारच नाही असं काही नाही, दोन्ही एकाच तोंडात मिळतं.

आता कीड थांबवायची कशी, आणि इथेच आपण सगळ्यात कमी वेळ देतो. "गोड खाता का?" असं विचारून काही उपयोग नाही, उत्तर ठरलेलं आहे, "नाही हो डॉक्टर, मला गोड आवडतच नाही." त्याऐवजी म्हणा, "काका, कालचा दिवस सांगा, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं." मग निघतं की दुकानात गल्ल्यावर बसून सहा वेळा चहा, प्रत्येक वेळी साखरेसकट, सोबत कधी खारी कधी बिस्कीट, आणि मधल्या वेळात गोड सुपारी. साखर आली की प्लाकमधले जंतू ॲसिड बनवतात, काही मिनिटांत पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि इनॅमल विरघळायला लागतं, तो परत वर यायला अर्धा तास ते तास जातो. आता सहा चहा दिवसभर पसरून घेतले तर दाताला सावरायला वेळच कुठे मिळतो? स्वीडनमध्ये लुंडच्या विपेहोम संस्थेत १९४५ ते १९५३ दरम्यान यावर प्रयोग झाले होते, जेवणासोबतच्या साखरेपेक्षा मधल्या वेळची चिकट साखर दातांना कितीतरी जास्त घातक असते हे तिथे दिसलं. (प्रयोग मतिमंद रहिवाशांवर केला होता, त्यांना न विचारता, आज कोणी असं करायला धजणार नाही आणि धजूही नये.) तेव्हा काकांना साखर सोडा म्हणू नका, सोडणार नाहीत. दोन चहा बिनसाखरेचे करा, बिस्कीट जेवणाला जोडून खा, आणि रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नको, एवढं सांगा, एवढं जमतं लोकांना.

पेस्टचं म्हणाल तर ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते वाचायला शिकवा. आपल्याकडे कमाल १००० ची मर्यादा आहे, मोठ्यांसाठी त्याच्या जवळपासची पेस्ट बघा, बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट नको. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर सगळं फ्लोराइड बेसिनमध्ये. आणि बायकांना मिश्रीबद्दल जरूर विचारा, "तंबाखू खाता का" म्हटलं तर नाहीच म्हणतात, मिश्री त्यांच्या हिशोबात तंबाखू नाही. भाजलेला तंबाखूच आहे तो, दात तर झिजवतोच, गालाच्या आतली बाजू पण त्याच वेळी नीट तपासून घ्या.

लहान मुलांचं वेगळं सांगते. वरचे पुढचे चार दात काळे पडलेले आणि खालचे पुढचे एकदम चांगले, असं दिसलं की रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवतात हे समजून जा. खालच्यांवर जीभ असते आणि लाळ साचते म्हणून ते वाचतात. आईला रागावू नका, बाटलीत साखर घालायची नाही आणि झोपताना बाटली काढून घ्यायची एवढं आधी ठरवा. दुसरं म्हणजे सहाव्या वर्षी येणारी दाढ. ती शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे गुपचूप येते, तिच्या जागेवरचं काही पडलेलं नसतं, त्यामुळे आईबापांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल आणि नवीन येईल. आरसा हातात देऊन पालकांनाच मोजायला लावा, मधल्या रेघेपासून सहावा दात, हा आयुष्यभराचा आहे. ती पूर्ण वर आली की खाचा सील करून टाका, अजून अर्धवट हिरडीखाली असेल आणि कोरडं राहत नसेल तर तात्पुरतं जीआयसी (दातांचं एक सिमेंट) लावा. धोका जास्त असलेल्या मुलांना दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप). आणि "दुधाचा दात आहे, पडणारच आहे" याला उत्तर असं की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, आधीच काढली तर मागची दाढ पुढे सरकते आणि मग ऑर्थोचा खर्च.

चार वर्षांचं पोर, रडून गोंधळ, चार-पाच दाढा किडलेल्या, अशा वेळी ३८ टक्के एसडीएफ (सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइड, कीड थांबवणारं औषध) फार कामाचं आहे, २०२१ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. दात वाळवायचा, ओठांना व्हॅसलिन, एक थेंब मायक्रोब्रशने मिनिटभर, झालं, ना इंजेक्शन ना मशीन. कीड काळी कुळकुळीत आणि टणक होते. पण ते काळेपण कायमचं, त्यामुळे आधी फोटो दाखवा आणि मराठीत लिहिलेल्या फॉर्मवर सही घ्या, नाहीतर संध्याकाळी आजी येऊन भांडते. रात्रीचं दुखणं असेल, सूज असेल, पल्प (दाताच्या आतली नस) उघडा असेल तर तिथे एसडीएफ लावायचं नाही.

मोठ्यांच्या खोल खड्ड्यात आपलं शिक्षण आडवं येतं. आपल्याला शिकवलं की सगळी कीड खरवडून टणक डेंटिनपर्यंत जा. आता तसं करत नाहीत. खड्ड्याच्या कडा सगळीकडून टणक आणि स्वच्छ करा, कारण तिथेच सील बसायचंय, पण तळाला पल्पच्या वर थोडं मऊ, चामट डेंटिन राहिलं तर राहू द्या, ते काढायच्या नादात पल्प उघडा पडतो आणि पाचशे-हजाराच्या फिलिंगचं आरसीटी (रूट कॅनाल) होऊन बसतं. वरून घट्ट बंद केलं की जंतूंची रसद तुटते. अर्थात हे पल्प जिवंत आणि ठीक असेल तरच, म्हणून भूल द्यायच्या आधी थंडाची टेस्ट करा (दाताला थंड लावून काय होतं ते बघा). दोन दाढांच्या मधलं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) बहुतेकदा हिरडीकडच्या कडेलाच परत किडतं, तिथे ओल राहिलेली असते, वेज (दोन दातांमध्ये घालायची पाचर) नीट बसलेला नसतो. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावा, वेळ जातो पण लावा. नाहीच कोरडं होत तर खालचा थर जीआयसीचा आणि वर कॉम्पोझिट.

फिलिंग की आरसीटी, हे एक्सरेच्या आधी बरंचसं पेशंटच्या बोलण्यातच कळतं. थंड लागलं आणि लगेच गेलं, तर फिलिंगवर भागेल. थंड-गरमानंतर मिनिटभर ठणकत राहतं, आपोआप दुखतं, रात्री आडवं झालं की वाढतं, तर पल्प गेला समजा. अशा ठणक्यावर नुसत्या अँटिबायोटिकने काही होत नाही, मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स घेऊन येणारे रोज असतात. लवंग तेल कापसावर टेकवलं तर तात्पुरतं चालतं, पण ॲस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवणाऱ्यांची हिरडी भाजून पांढरी झालेली असते. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळायला त्रास असं असेल तर क्लिनिकमध्ये खटाटोप नको, सरळ मोठ्या हॉस्पिटलला पाठवा, त्याच दिवशी.

म्हाताऱ्या लोकांमध्ये हिरडी खाली सरकलेली असते आणि मुळं उघडी पडतात, मुळाचा भाग इनॅमलपेक्षा लवकर विरघळतो, त्यात बीपीच्या, झोपेच्या गोळ्यांनी तोंड कोरडं, म्हणून गोळ्यांची पाकिटं आणायला सांगा आणि बघा. तोंड कोरडं म्हणून दिवसभर खडीसाखर नाहीतर लिमलेट चघळत असतात, तेही विचारा. पुढची तारीख सगळ्यांना सहा महिन्यांची देऊ नका, चालू कीड असलेल्याला तीन महिन्यांनी बोलवा, ज्याला वर्षानुवर्षं नवीन काही नाही त्याला वर्षाने चालेल. आणि सोडून दिलेल्या प्रत्येक डागाचा फोटो तारखेसकट फाईलला लावा, पुढच्या वेळी त्याच अँगलने परत काढायचा.