मराठी यादीची अक्षरे बिघडलेली दिसल्यास आधी बाइट कसे वाचावेत

सभासदांची किंवा द्राक्षबागायतदारांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) यादी एक्सेलमध्ये उघडल्यावर गावांच्या रकान्यात नाशिक, सिन्नर, निफाड यांच्या जागी भलतीच चिन्हे दिसू लागली, तर ती फाइल सेव्ह न करता बंद करावी. फाइलमध्ये अक्षरे नसतात, ० ते २५५ या संख्यांचे बाइट असतात, आणि ते कोणत्या कोष्टकानुसार, म्हणजे कोणती संख्या कोणते अक्षर दाखवते या यादीनुसार, वाचायचे हे उघडणारा प्रोग्रॅम ठरवतो. कोष्टक चुकले तरी मूळ बाइट शाबूत असतात. चुकीच्या कोष्टकाने सेव्ह केल्यावर मात्र ती खात्री उरत नाही.

हे बाइट कागदावरही काढता येतात. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकाने देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक दिले असून त्यांत 'न'चा क्रमांक २३४४ आहे. तो एका बाइटमध्ये मावत नाही, म्हणून यूटीएफ-८ या, युनिकोडचे क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या, पद्धतीत त्याचे तीन बाइट होतात. २३४४ ला ६४ ने भागावे: भागाकार ३६, बाकी ४०. बाकीत १२८ मिळवून शेवटचा बाइट १६८ येतो. ३६ ला पुन्हा ६४ ने भागल्यास भागाकार ० आणि बाकी ३६ उरते, तीत १२८ मिळवून मधला बाइट १६४ येतो. शून्यात २२४ मिळवले की पहिला. 'नाशिक'मध्ये काना व वेलांटी धरून पाच क्रमांक, म्हणजे १५ बाइट होतात. 'त्र्यंबकेश्वर' मात्र तीन हलन्तचिन्हांसह १३ क्रमांकांचे आणि ३९ बाइटांचे आहे, त्यामुळे ३० बाइटांच्या रकान्यात ते पुरते मावणारच नाही.

आता दोष ओळखणे सोपे जाते. विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय कोष्टकात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' (à) आणि १६४ म्हणजे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह (¤). ही जोडी पुनःपुन्हा दिसत असेल, तर मजकूर निरोगी यूटीएफ-८ आहे. ऱ्हस्व वेलांटी २३६७ वर आणि दीर्घ वेलांटी २३६८ वर असल्याने मधला बाइट नेमका या दोघींच्या मध्ये बदलतो; म्हणून 'पंचवटी'च्या शेवटी १६५, म्हणजे येनचे चिन्ह, डोकावते. अशा वेळी रिकाम्या शीटमध्ये 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडून 'फाइल ओरिजिन' ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, करावे.

'नाशिक'च्या जागी पाच प्रश्नचिन्हे असतील आणि बाइट तपासल्यावर प्रत्येक ठिकाणी ६३ निघाला, तर मूळ मजकूर कोणीतरी आधीच पुसला आहे. पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागण्यावाचून गत्यंतर नाही.

रोमन अक्षरे आहेत पण ती ठरावीक जोडी नाही, असे असल्यास कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टचा संशय घ्यावा. तेथे बाइट खरोखरच रोमन अक्षरांचे असतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी आकार चढवतो. त्यामुळे कोष्टक बदलून काहीच साधत नाही, त्या विशिष्ट फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये नेमके उलट. म्हणून रूपांतरानंतर 'निर्यात' हा शब्द शोधून तपासावा: त्यात दोन्ही आहेत.