घटपर्णी घरी वाढवायची तर आधी पाणी मोजा

नर्सरीतून आणलेली घटपर्णी (पानांच्या टोकाला लागणाऱ्या सुरयांत किडे पकडून पचवणारं झाड) दोन-तीन महिन्यांत सुकते आणि लोक म्हणतात, हे झाड आपल्याकडे जगत नाही. जगतं. बहुतेक वेळा तिला मारतं ते नळाचं पाणी आणि शेणखत घातलेली माती. ही झाडं मुळात अन्नद्रव्यं जवळजवळ नसलेल्या जमिनीत वाढणारी. नायट्रोजन किड्यांकडून मिळवायचा, मुळांनी फक्त पाणी घ्यायचं, अशी त्यांची सोय असते. अशा मुळांना क्षार सोसत नाहीत.

म्हणून झाडाआधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पाणी 50 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 50 भाग क्षार) आत असेल तर उत्तम, 100 पर्यंत चालतं. बोअरचं पाणी 500 च्या पुढे जाणं नवलाचं नाही. आरओचं पाणीही मोजूनच वापरा, कारण कित्येक यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळतात. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिल्या एक-दोन सरी जाऊ द्या, छप्पर धुऊन निघू द्या, मग झाकणाच्या पिंपात भरून ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, फक्त एसी नुकताच औषध मारून धुतलेला नको.

सुरुवातीला व्हेंट्राटा हा संकर घ्या. अलाटा आणि व्हेंट्रिकोसा या घटपर्णीच्या दोन जातींचा हा संकर नर्सरीत सहसा नुसत्या ‘पिचर प्लँट’ नावाने मिळतो आणि 15 ते 35 अंश सहज सोसतो. मुंबई, कोकण, गोव्यात मिराबिलिस आणि अँप्युलारिया या जातीही रमतात. बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावरच्या ‘राजा’ नावाच्या जातीच्या आणि तिच्यासारख्या जातींच्या वाटेला जाऊ नका. त्यांना रात्री 10-15 अंशांचा गारवा लागतो, तो आपल्या गॅलरीत मिळत नाही. भारतातली एकमेव जात खासियाना मेघालयातली. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात. जंगलातून ओरबाडल्यामुळे ती धोक्यात आली आहे, तेव्हा रोपवाटिकेत वाढवल्याची खात्री नसेल तर घेऊच नका.

कुंडी प्लॅस्टिकची, 5-6 इंचांची, तळाला भरपूर भोकं असलेली. मातीच्या कुंडीच्या भिंतीत क्षार साचत जातात. भरण्यासाठी स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) समसमान. मॉस महाग वाटलं तर निम्म्या मॉसऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे घाला, पण ते तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला आणि शेवटच्या पाण्याचा टीडीएस 100 च्या खाली आल्यावरच वापरा. मॉस दाबून भरू नका, मुळांना हवा लागते. कुंडी पाण्याच्या ताटलीतही ठेवू नका. व्हीनस फ्लायट्रॅप या दुसऱ्या कीटकभक्षी झाडाला ते चालतं, घटपर्णीची मुळं मात्र कुजतात. वरचा थर बोटाला जेमतेम ओलसर लागला की तळातून निथळेपर्यंत पाणी घाला.

जागा पूर्वेच्या गॅलरीत, सकाळचं तीन-चार तास कोवळं ऊन मिळेल अशी. दुपारच्या उन्हाला 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. पानांवर किंचित तांबूस छटा आली की उजेड पुरेसा आहे. गर्द हिरवी, लांबुडकी पानं म्हणजे उजेड कमी.

आता सगळ्यांची तक्रार: पानं येतात, सुरया येत नाहीत. पानाच्या टोकाची दोरी नीट पाहा. तिच्या शेवटाला तांदळाच्या दाण्याएवढी कळी असते. ती फुगत जाते, आत पाचक द्रव भरतो आणि पूर्ण वाढ झाल्यावरच झाकण उघडतं. हवा कोरडी असेल तर हा दाणा फुगायच्या आधीच काळा पडून वाळतो. आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास हवी. पुणे-नागपूरच्या एप्रिलमध्ये ती फारच खाली जाते, तेव्हा झाड इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा, खाली ओल्या खड्यांचा ट्रे ठेवा, पण कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. नुसत्या फवारणीने फार फरक पडत नाही, दहा मिनिटांत ती वाळून जाते. नवीन आणलेलं झाड मात्र जागा बदलल्यामुळेही महिना-दोन महिने रुसतं. रोज जागा हलवू नका.

सुरईतला द्रव ओतून टाकू नका. वाटेत सांडलाच असेल तर तिसरा हिस्सा भरेल इतकं शुद्ध पाणी घाला. गॅलरीतल्या मुंग्या आणि माश्या झाडाला पुरतात. घरात ठेवलं असेल तर महिन्यातून एखाद्या सुरईत एक छोटा किडा टाका. मांसाचा तुकडा टाकला तर सुरई सडते. कुंडीत खत अजिबात नको. जुनी सुरई झाकणाकडून वाळत येणं स्वाभाविक आहे. वाळलेला भागच कापा, हिरवं पान राहू द्या.

पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत लपतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा, आठवड्याने पुन्हा पुसा.

वेल फार लांबला की दोन-तीन पेरांचं खोड कापा, पानं निम्मी छाटा आणि ओल्या मॉसमध्ये लावून वर पारदर्शक पिशवी घाला. उन्हात ठेवू नका. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. छाटलेल्या मूळ झाडालाही खालून नवे फुटवे येतात, आणि मोठ्या बुटक्या सुरया सहसा त्यांनाच लागतात.