जाहीर माफी मागायची वेळ आली तर

मसुद्याला हात घालण्याआधी नुकसान थांबवा. सदोष माल दुकानात विकला जात असताना मागितलेली माफी कोण ऐकणार? ऑगस्ट २००८ मध्ये कॅनडातल्या मेपल लीफ फूड्सच्या टोरांटोतील कारखान्यातल्या मांसात लिस्टेरियाचे जंतू निघाले. वीसहून अधिक माणसे दगावली. कंपनीने त्या कारखान्यातला सगळाच माल परत मागवला आणि प्रमुख मायकेल मॅकेन स्वतः टीव्हीवर आले. या संकटात वकील आणि हिशेबनीस या दोघांचे आपण ऐकलेले नाही, असे ते पत्रकारांना म्हणाले.

मग वाक्याला कर्ता द्या. मराठीत पळवाट फार सोपी आहे: ‘चूक झाली’. कोणाकडून? ‘आम्ही चूक केली’ असे लिहा. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ यातले ‘असतील तर’ खोडा. ‘दिलगीर आहोत’ही शक्यतो नकोच, लोकल उशिरा आली की तेच ऐकू येते, आणि कोणी मान वर करून पाहतही नाही.

घडले ते त्याच नावाने सांगा. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोत युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला फरफटत बाहेर काढले. प्रमुख ऑस्कर मुन्योस यांनी पहिल्या निवेदनात माफी मागितली ती प्रवाशांची ‘दुसरी सोय करावी लागल्या’बद्दल. रक्ताळलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ जगाने पाहिला होता, आणि म्हणे सोय! सरळ शब्दांतली माफी ११ तारखेला आली, तोवर पहिलीची पुरती टिंगल झाली होती.

स्वतःचे रडगाणे तर अजिबात नको. २०१० च्या मेक्सिको आखातातल्या तेलगळतीत ११ कामगार गेले असताना बीपी या तेल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड ‘मला माझे आयुष्य परत हवे आहे’ असे बोलून बसले. त्याबद्दल त्यांना वेगळी माफी मागावी लागली.

शेवटी भरपाईचे बोला, तेही नेमके. समजा, तुम्ही केटरर आहात:

‘रविवारी आमच्या जेवणामुळे तुमच्यापैकी अनेकांना उलट्या झाल्या. पनीर आम्ही रात्रभर फ्रिजबाहेर ठेवले होते. चूक आमची आहे, आम्हाला माफ करा. औषधपाण्याचा सगळा खर्च आम्ही देऊ. बिले खालील नंबरवर पाठवा. तपासणी होईपर्यंत स्वयंपाकघर बंद ठेवले आहे.’

कारण अजून कळले नसेल तर पनीरचे वाक्य गाळा, अंदाज ठोकू नका. कधीपर्यंत कळवाल ती तारीख टाका. खाली सही मालकाची हवी. ‘व्यवस्थापन’ असे लिहिले की सगळे पुन्हा ‘चूक झाली’वर येते.