‘ताई, मले बी ॲडमिन करा ना!’ : गावाकडचा ग्रुप नव्यानं सांभाळणाऱ्यांसाठी

शेतकऱ्यांचा असो, बचत गटाचा असो की अख्ख्या गावाचा, व्हॉट्सॲप ग्रुप हाती आला की पहिल्या आठवड्यात एकच काम करा. ॲडमिनची यादी उघडा आणि ती छाटा. नियम, डीपी, ग्रुपचं नाव हे सगळं नंतर.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव भागातल्या कापूस-सोयाबीनवाल्यांचा ग्रुप सांभाळते. कृषी पदविका करून गावी परतले, मोबाईल सतत हातात असतो, म्हणून आधीच्या दादांनी "तूच पाह्य आता" म्हणत तो माझ्या गळ्यात मारला. ग्रुप चांगला चालता होता. भाव यायचे, पाऊस कुठं पडला ते कळायचं, बोंडअळीचे फोटो यायचे. फक्त त्यात डझनभर ॲडमिन होते. एवढे का, हे मला कोणी सांगितलं नाही. कळलं तोवर एक अख्खा हंगाम डोकं पिकलं.

आपल्याकडे ॲडमिनपद हा मान आहे, लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून नाव छापतात तसा. सरपंचाला केलं तर उपसरपंचाला करावं लागतं, त्याला केलं तर सोसायटीच्या अध्यक्षाला, मग कृषी केंद्रवाल्या भाऊला, आणि मग ज्यानं ग्रुपसाठी कधी काळी रिचार्ज मारून दिला त्यालाही. कोणी मागितलं की नाही म्हणवत नाही. "काहून बावा, पैसे लागते का ॲडमिन कराले?" असं चारचौघांत विचारलं की तोंड बंद होतं. लागत नाहीत, खरंय. पण पत्रिकेतलं नाव लग्न मोडू शकत नाही आणि ॲडमिन मोडू शकतो.

हे जरा लांबण लावून सांगते, कारण पुढची निम्मी भांडणं इथूनच निघतात. व्हॉट्सॲपमध्ये मोठा ॲडमिन आणि छोटा ॲडमिन असा भेद नाही. ग्रुप बनवणाऱ्याला कोणी काढू शकत नाही, एवढं सोडलं तर सगळ्यांच्या हाती सारखीच सत्ता. कोणीही ॲडमिन कोणालाही काढतो, कोणालाही ॲडमिन करतो, तुमचं ॲडमिनपद काढून घेतो, लिंक बदलतो, ग्रुपला कुलूप लावतो. २०२२ पासून तर तो दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसूही शकतो. आणि पुसला की तिथं ओळ उरते, कोणत्या ॲडमिननं पुसला ते नावासकट. गावात एवढी एक ओळ पुरते.

आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तेच झालं. दोन्ही पॅनलचे लोक ॲडमिन. एकानं दुसऱ्याची पोस्ट पुसली, त्यानं उलट याच्या भाच्याला काढलं, तिसऱ्यानं डीपीवर स्वतःच्या पॅनलचं चिन्ह चढवलं, चौथ्यानं वैतागून फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं कुलूप घातलं. मी वावरात होते, फोन घरी चार्जिंगला. संध्याकाळी पाहिलं तर नियम मोडणारे सगळे ॲडमिनच होते. आणि ज्याला सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीबद्दल विचारायचं होतं तो बिचारा कुलपाबाहेर. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर खर्रा घोटताना चर्चा काय, तर "त्या पोरीनं काढलं". मी कोणालाच काढलं नव्हतं. पण ग्रुप तुमच्या नावावर आहे ना, मग बिल तुमच्याच नावावर फाटतं.

तर छाटणी कशी करायची? आधी प्रत्येकाला फोन करा. मेसेज नको, फोन. आणि सुरुवात स्वतःच्या नातेवाईकापासून. मी पहिलं नाव माझ्या सख्ख्या काकांचं काढलं. ते म्हणाले, "लोकं का म्हणतीन?" मी म्हटलं, काका, लोकांनी म्हणावं म्हणूनच तुमचं आधी काढते. बाकीच्यांची एकाच दिवशी, एकाच बैठकीत. आज दोन, परवा तीन असं केलंत की त्यात राजकारण शोधलं जातं. ज्यांना मान हवा त्यांची नावं ग्रुपच्या माहितीत ‘मार्गदर्शक’ म्हणून लिहा. मान मिळतो, बटण मिळत नाही. माझ्या मते हा सगळ्यात कामाचा उपाय आहे आणि तो मला कोणत्याही यूट्यूबवाल्यानं सांगितला नाही.

तीन ॲडमिन पुष्कळ झाले. एक तुम्ही, एक रात्री जागा असणारा, आणि एक दुसऱ्या गावचा, दुसऱ्या गोटातला. तिघं एकाच घरचे किंवा एकाच पॅनलचे असतील तर एकटेच राहा, ते परवडलं.

आता पोलिसांची भीती, कारण नव्या माणसाला सगळ्यात जास्त तीच असते. सण-निवडणूक आली की ठाण्यातून ॲडमिनला नोटीस येते, पूर्वी लोक तिला "१४९ ची" म्हणत. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ आहे. ही प्रतिबंधक समज असते, गुन्हा नव्हे. सही करून घ्या, प्रत ठेवा, ग्रुपवर एक ओळ टाका, झोपा. दुसऱ्यानं टाकलेल्या घाणेरड्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप आरोपी होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय, आणि प्रकरण आपल्याच गोंदिया जिल्ह्यातलं होतं. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याशिवाय ॲडमिनवर जबाबदारी येत नाही, असं कोर्ट म्हणालं.

पण म्हणून छाती फुगवू नका. त्या निकालात कोर्टानं ॲडमिनच्या हाती सदस्य घेणं आणि काढणं एवढंच जास्तीचं आहे असं धरलं होतं. दुसऱ्याचा मेसेज पुसण्याची सोय नंतर आली. धर्मावर, जातीवर भडकवणारा मजकूर पाहूनही दोन दिवस तसाच पडू दिला, वर त्याला लाईकचा अंगठा दिला, तर उद्या कोणी विचारलंच तर काय सांगाल? असा मेसेज दिसला की स्क्रीनशॉट घ्या, पुसा, टाकणाऱ्याला खासगीत फोन करा. या क्रमात. ग्रुपवर "हे कोणी टाकलं रे" असा दम देऊ नका. चारशे लोकांसमोर दम दिला की चूक असलेला माणूसही माघार घेत नाही.

अफवांच्या बाबतीत मी कडक आहे आणि कोणी कितीही रुसलं तरी राहीन. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भटक्या माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं. मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमधून तो संशय पेटला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. आपल्या गावांतही नाथजोगी येतात, बहुरूपी येतात, पालं ठोकून राहतात. "सावध रहा, टोळी आली आहे" हा मेसेज माझ्या ग्रुपवर एक मिनिटही टिकत नाही. पाठवणारा कोणीही असो. खरंच संशय असेल तर पोलीस पाटलाला फोन करा म्हणते.

भावाच्या पोस्टचा नियम मात्र साधा ठेवला. बाजार समितीचं नाव, तारीख, आणि कमीत कमी व जास्तीत जास्त असे दोन्ही भाव. तिन्हीपैकी एक नसेल तर पोस्ट पुसली जाते. आधी काय व्हायचं, कोणी हिंगणघाटच्या फलकाचा जुना फोटो टाकायचा, वरचाच आकडा दिसायचा आणि माणूस गाडी भाड्यानं करून निघायचा. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. पण ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय कापून घेते आणि १२ च्या वर असेल तर घेतच नाही. हे न सांगता नुसता आकडा टाकणं म्हणजे अर्धी थापच.

औषधाचा नियम त्याहून कडक. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर माणसं गेली. त्या वर्षानंतर "हे तीन एकत्र करून मारा, अळी उभी राहत नाही" असा मेसेज मला वाचवत नाही. आमच्याकडे औषधाचं नाव टाकायचं तर डब्याच्या लेबलचा फोटो लागतो, आणि त्यात त्रिकोणाचा रंग दिसला पाहिजे. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लोक आधी हसले. आता म्हातारेही झूम करून त्रिकोण दाखवतात. कृषी केंद्रवाले मात्र अजून नाराज आहेत, राहू देत. आणि हो, तणनाशक सहन करणारं विनापरवाना कपाशी बियाणं, ज्याला सगळे चोरबीटी म्हणतात, त्याची जाहिरात दिसताक्षणी काढा. त्याला मान्यताच नाही. तुमच्या ग्रुपवर विकलं गेलं आणि उगवलं नाही तर शेतकरी कोणाचं दार ठोठावणार, सांगा.

एक नवी आफत म्हणजे एपीके फाईल, प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये ॲप चढवणारी. ‘पीएम किसान’ असं नाव असलेली फाईल येते. दोन हजारांचा हप्ता अडकला असेल तर माणूस उघडणारच. ती ॲप मेसेज वाचायची परवानगी मागते, ओटीपी परस्पर उचलते, आणि मग तीच फाईल त्या माणसाच्या नंबरवरून सगळ्या ग्रुपवर जाते. म्हणून ती अनोळखी नंबरवरून येत नाही, गुरुजींच्या नंबरवरून येते. इथं सेकंदांचा खेळ असतो. फाईल पुसा, तो नंबर तात्पुरता काढा, आणि त्या माणसाला साधा फोन लावा. त्याच्या व्हॉट्सॲपवर लिहू नका, तिथं कदाचित चोरच वाचत बसलाय. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर आणि बँकेत. मग ग्रुपवर लिहा की "अमुक काकांचा फोन हॅक झाला आहे, त्यांचा दोष नाही." हे शेवटचं वाक्य विसरू नका. आमच्याकडे एका शिक्षकांनी लाजेपायी आठ दिवस चौकात पाय ठेवला नव्हता.

गुरुजींवरून आठवलं. सगळे सांगतात की एखादा ज्येष्ठ मार्गदर्शक जोडीला घ्या. घ्या, पण तो लोकांचं शुद्धलेखन तपासणारा नको. "पाउस" लिहिला म्हणून टोकलेला माणूस पुन्हा पावसाची बातमी देत नाही.

बायकांचे नंबर हा विषय पुरुष ॲडमिनच्या लक्षातच येत नाही. ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येक बाईचा नंबर चारशे लोकांना दिसतो. मग रात्री "हाय", "जेवण झालं का". दोन बायका काही न बोलता निघून जातात आणि तुम्हाला वाटतं त्यांना शेतीत रस नाही. आमच्याकडे यावर समज-बिमज नाही. स्क्रीनशॉट आला, पाहिला, खात्री केली, काढला. एकजण घरी आला, "म्या काय चोरी केली वं ताई?" म्हणाला. आई ओसरीवर बसली होती, तिनंच उत्तर दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. जमत असेल तर व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’ बनवा, म्हणजे अनेक ग्रुप एका छताखाली आणायची सोय. तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बायकांसाठी मी तीच सोय केली आहे.

आणि ते कुलूप. फक्त ॲडमिनच लिहितील, असं करून टाकलं की शांतता होते, हे खरं. बरेच नवे लोक पहिल्याच भांडणाला घाबरून ते करतात आणि खुश होतात. माझं मत विचाराल तर रात्री दहा ते सकाळी सहा आणि मतदानाच्या आदल्या दिवशी, एवढंच. एरवी कुलूप घातलेल्या ग्रुपवर महिन्याभरात कोणी फिरकत नाही, मग तुम्हीच गुड मॉर्निंग टाकत बसा.

घाबरलात का? पहिले दोन महिने त्रास होतो, मग लोक सवयीनं वागतात, कधी कधी तर तुमच्याआधी तेच एकमेकांना नियम सांगतात. काढलेला माणूसही परत घेता येतो. मी पोळ्याला दोघांना परत घेतलं, दोघं नीट आहेत. फक्त एक करा, कोणाला का काढलं आणि कोणत्या तारखेला, ते एका वहीत लिहून ठेवा. मोबाईल बदलतो, गप्पा पुसल्या जातात, आणि सहा महिन्यांनी तो माणूस तोंडावर म्हणतो की मला उगाच काढलं. वही दाखवली की बोलणं तिथंच संपतं.

कधी सोडायचं झालं तर आधी दुसरा ॲडमिन नेमा, वही त्याच्या हाती द्या आणि मगच निघा. एकटा ॲडमिन तसाच बाहेर पडला तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतून कोणालाही ॲडमिन करून टाकतं. शेजारच्या एका गावात ते पद एका दुसरीतल्या पोराच्या हाती आलं होतं, कारण आजोबांचा फोन त्याच्याकडे असायचा. त्यानं ग्रुपचं नाव बदलून स्वतःच्या कुत्र्याचं ठेवलं आणि ते बरेच दिवस कोणालाही बदलता आलं नाही.