मिडल-अर्थची लढाई घरच्या संगणकावर: आधी शेतं, मग किल्ला

टोल्किन यांची, मिडल-अर्थ ह्या काल्पनिक जगातली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी 1954 आणि 1955 मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. वाचताना आपलं सगळं लक्ष दक्षिणेकडे असतं. सत्तेची अंगठी नष्ट करायला नायक फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम, सॉरॉन ह्या दुष्ट सत्ताधीशाच्या मॉर्डोर मुलखाची वाट तुडवत असतात, माणसांच्या गोंडोर राज्याच्या तटाला शत्रू भिडलेला असतो. त्याच मार्च महिन्यात उत्तरेतही युद्ध पेटलेलं असतं. एल्फ नावाच्या अमर जमातीच्या लॉथलोरियन वनावर तीनदा हल्ला होतो, मर्कवुड जंगलाच्या झाडांखाली लढाई होते, डेलचा राजा ब्रँड आणि ड्वार्फांचा, म्हणजे डोंगरात खाणी खोदणाऱ्या ठेंगण्या जमातीचा, राजा डाइन एरेबोर ह्या डोंगरातल्या राज्याच्या दाराशी धारातीर्थी पडतात. कादंबरीच्या परिशिष्टांत ह्या सगळ्याला जेमतेम काही ओळी मिळाल्यात.

2006 साली आलेला ‘द बॅटल फॉर मिडल-अर्थ टू’ हा डावपेचांचा खेळ बराचसा त्या ओळींवर उभा आहे. 2004 चा पहिला भाग कादंबरीवरच्या चित्रपटांच्या वाटेने गेला होता. दुसऱ्या भागाच्या वेळी खेळ काढणाऱ्या ईए कंपनीकडे कादंबरीचेही हक्क आले आणि उत्तरेचं युद्ध पडद्यावर आलं. ज्यांनी कादंबरी मनापासून वाचली आहे, त्यांनी हा खेळ एकदा तरी खेळावाच असं मला वाटतं. तो शिकायचा कसा, ते इथे सांगतो. कादंबरी वाचलेली नसेल तरी अडत नाही, फक्त शेवटी अंगठीबद्दल जे लिहिलंय त्याची गोडी थोडी कमी लागेल.

खेळ मिळवणं आणि चालवणं

हा खेळ आता दुकानात किंवा ऑनलाइन अधिकृतपणे विकत मिळत नाही. त्यामुळे जुनी डीव्हीडी शोधावी लागते. आमच्या इंदुरात त्या काळी हौसेने घेतलेल्या डिस्क अजून पुष्कळ घरांत माळ्यावर पडून आहेत. लोकमान्यनगर, रामबाग भागातल्या ओळखीच्या घरांत विचारा, कुणाचा तरी मुलगा नोकरीला पुण्या-बंगळुरूला गेलेला असतो आणि त्याचा खोका तसाच असतो. डिस्कबरोबर सिरियल क्रमांकाचं पुस्तक किंवा कव्हर आहे ना, हे आधी बघा. तो क्रमांक नसेल तर डिस्क असून नसल्यासारखी.

दुसरी अडचण संगणकाची. त्या काळातल्या बऱ्याच डिस्कांवर नक्कल रोखण्यासाठी जी तपासणी घातलेली होती, ती विंडोज 10 आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर चालत नाही. सर्वांत सरळ उपाय म्हणजे विंडोज 7 असलेला जुना डेस्कटॉप. खेळाची भूक आजच्या मानाने फारच कमी आहे, साधं ऑनबोर्ड ग्राफिक्स पुरतं. डीव्हीडी ड्राइव्ह बिघडला असेल तर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दुरुस्तीवाले बसतात, तिथे यूएसबीवर चालणाऱ्या ड्राइव्हची चौकशी करा. असा जुना संगणक इंटरनेटला जोडू नका, त्याला सुरक्षेचे अपडेट आता येत नाहीत.

इन्स्टॉल झाल्यावर खेळ उघडताक्षणी बंद पडत असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्याला स्वतःची सेटिंगची फाइल सापडत नसते. विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधल्या रोमिंगमध्ये जा, तिथे खेळाच्या नावाचा फोल्डर असेल. त्यात ‘ऑप्शन्स’ नावाची, आयएनआय प्रकारची फाइल नोटपॅडने तयार करा आणि तीत पडद्याचं रेझोल्यूशन लिहा. पुढच्या वेळी खेळ उघडतो.

पहिला डाव कुणाकडून

खेळात सहा बाजू आहेत: पश्चिमेची माणसं, एल्फ, ड्वार्फ, आयसेनगार्ड, मॉर्डोर आणि गॉब्लिन (शेवटच्या तीन वाईट बाजू). एल्फांकडे सगळ्यांचा जीव ओढतो, पण शिकताना माणसांची बाजू घ्या. तिच्याकडे तलवारबाज, भालाईत, तिरंदाज, स्वार सगळं आहे आणि कशातच टोकाचं कच्चेपण नाही. ‘स्कर्मिश’, म्हणजे गोष्टीशिवायची सुटी लढाई, निवडा, दोघांचा छोटा नकाशा घ्या, संगणकाची पातळी ‘ईझी’ ठेवा. मोहीम, म्हणजे कॅम्पेन, नंतर. मोहिमेत गोष्ट पुढे ढकलत राहते आणि हात बसायला वेळ मिळत नाही.

शेतं

इथे मात्र थांबून नीट वाचा. नवखा माणूस जवळजवळ प्रत्येक डाव ह्याच ठिकाणी गमावतो.

खेळात पैसा, धान्य, लाकूड असं वेगवेगळं काही नाही. एकच साधनसंपत्ती आहे आणि ती शेतांतून येते. माणसांना शेत, एल्फांना मॅलॉर्न वृक्ष, ड्वार्फांना खाण, मॉर्डोरला कत्तलखाना आणि लाकडाची वखार. शेत बांधायला मजूर घेतलात की जमिनीवर एक वर्तुळ उमटतं आणि शेजारी टक्केवारी दिसते. वर्तुळ मोकळ्या जमिनीवर असेल तर पूर्ण शंभर टक्के. दुसऱ्या शेताच्या वर्तुळावर चढलं, कड्याला किंवा इमारतीला भिडलं की आकडा घसरतो आणि त्या शेताचं उत्पन्न कायमचं तेवढंच राहतं.

माझा भाचा पहिल्यांदा बसला तेव्हा त्याने सगळी शेतं किल्ल्याच्या तटाला चिकटवून एकावर एक रचली. त्याला ती सुरक्षित वाटत होती. थोड्या वेळाने त्याची हाक आली, “मामा, पैसे येतच नाहीयेत.” पडद्यावर शेतं होती सात-आठ आणि प्रत्येकावर माऊस नेला तर कुठे चाळीस टक्के, कुठे तीस. मी त्याला दोन शेतं पाडायला लावली आणि एक मजूर नदीच्या काठाने लांब पाठवला. तिथे पहिलंच शेत पुऱ्या शंभरावर बसलं. सुरुवातीला खात्यात असलेलं सगळं शेतांवर आणि एका बराकीवर घाला. टेहळणी बुरूज, तटबंदी, पुतळे हे सगळं नंतर बघू.

लांब पसरलेली शेतं राखायची कशी, हा पुढचा प्रश्न. प्रत्येक शेताजवळ तुकडी उभी करायला गेलात तर सैन्य विखरून जातं. त्यापेक्षा दोन वाटा जिथे मिळतात अशा जागी भालाइतांची एक तुकडी आणि मागे तिरंदाज ठेवा. शत्रूला बहुतेक वेळा तिथूनच यावं लागतं. आणि तुम्ही स्वतः हल्ल्याला निघाल तेव्हा शत्रूच्या किल्ल्याकडे जाऊ नका. त्याची शेतं गाठा.

माळव्यातल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1804 च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी इंग्रज कर्नल मॉन्सनची फौज मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून थेट आग्र्यापर्यंत पिटाळत नेली. ती काही एका मोठ्या समोरासमोरच्या लढाईने नव्हे. फौजेला दाणा मिळेना, तोफा चिखलात रुतून सोडाव्या लागल्या, नद्यांना पूर आलेले, आणि होळकरांचे स्वार सतत पाठीवर. आग्र्याला पोचली ती फौजेची फक्त शिल्लक होती. ह्या खेळातही शत्रूची रसद तुटली की त्याचा किल्ला आपोआप पोकळ होतो. नवीन तुकड्या निघत नाहीत, मेलेला वीर परत विकत घेता येत नाही. किल्ला शेवटी पाडायचा असतोच, पण तो दमलेल्या शत्रूचा.

एक बारकावा: स्वारांना इमारत पाडायला लावू नका, त्यात ते कच्चे आहेत. त्यांनी शत्रूचे मजूर कापावेत आणि मदतीला येणारे तिरंदाज तुडवावेत. शेत पाडायचं काम मागून येणाऱ्या तलवारबाजांचं.

कोण कुणाला भारी

भालाईत स्वाराला भारी, स्वार तिरंदाजाला आणि तलवारबाजाला भारी, तलवारबाज भालाइताला भारी. तिरंदाज लांबून सगळ्यांनाच त्रास देतात, पण जवळ कुणी पोचलं की संपले. घोडदौड भाल्यांच्या रांगेवर घातलीत तर अख्खी तुकडी काही क्षणांत जाते, म्हणून स्वारांना हुकूम देण्याआधी समोर काय उभं आहे ते नजरेने टिपायची सवय लावा. कंट्रोल दाबून 1, 2, 3 असे आकडे दिलेत की तुकड्यांचे गट ठरतात. भालाईत 1, तिरंदाज 2, स्वार 3 असा क्रम मी ठेवतो, म्हणजे घाईत बोट चुकत नाही.

लढून तुकडीची पातळी वाढली की तिला निशाणवाला मिळतो, आणि मग तिच्यातले मेलेले शिपाई हळूहळू भरून येतात. म्हणून उरलेल्या दोन-तीन माणसांची तुकडीसुद्धा मरू देऊ नका. मागे घ्या, विहिरीजवळ उभी करा, ती पुन्हा पुरी होते. शिवाय तिचा अनुभव शाबूत राहतो. नवी तुकडी विकत घेऊन हे मिळत नाही.

तलवारींना धार आणि अंगाला चिलखत लोहारखान्यातून मिळतं. आधी धार घ्यावी की चिलखत, ह्यावर खेळाडूंचे वाद होतात. मी तिरंदाजांचे अग्निबाण सर्वांआधी घेतो.

नकाशाच्या कोपऱ्यांत गॉब्लिनांची बिळं, राक्षसी ट्रोलांच्या गुहा, लांडग्यासारख्या वार्गांचे अड्डे असतात. ते फोडले की खजिना मिळतो आणि तुकड्यांना अनुभवही मिळतो. सुरुवातीच्या शांत काळात सैन्य रिकामं ठेवण्यापेक्षा तिकडे लावा.

वीर आणि शक्ती

अ‍ॅरागॉर्न, गॅन्डाल्फ, लेगोलास, ग्लोइन ह्यांना एकेकटं पुढे पाठवायचा मोह होतो. वीर महाग असतो. मेला तर किल्ल्यातून पुन्हा मिळतो, पण पुन्हा पैसे मोजून आणि वाट बघून. त्याला तुकड्यांच्या मध्ये ठेवा. ग्लोइन इमारतींवर जबर चालतो, म्हणून ड्वार्फांकडून खेळताना किल्ला पाडायच्या वेळी त्याला जपून तिथवर न्या.

शत्रू मारून गुण साठतात आणि त्यांतून शक्ती विकत घेता येतात. पहिला गुण जखमा भरणाऱ्या शक्तीवर खर्च करा. मोठ्या शक्ती, म्हणजे मेलेल्यांची सेना, एल्फांचा महापूर, गॉब्लिनांचा ड्रॅगन, डोळे दिपवतात खऱ्या, पण तिथवर पोचेपर्यंत डाव टिकवायचा असतो.

अंगठी

स्कर्मिश सुरू करताना अंगठीचे वीर चालू ठेवायचा पर्याय असतो. तो चालू असेल तर अंगठीसाठी वेडावलेला गोलम हा प्राणी नकाशावर भटकत असतो, बहुतेक वेळ अदृश्य. तो सापडून मारला गेला की अंगठी जमिनीवर पडते. कुठल्याही तुकडीने ती उचलून आपल्या किल्ल्यात नेली की एक महावीर मोठी किंमत देऊन बोलावता येतो: वाईट बाजूंना स्वतः सॉरॉन, चांगल्या बाजूंना लॉथलोरियनची एल्फ राणी गॅलाड्रिएल. तो महावीर पडला तर अंगठीही पडते आणि शत्रू ती उचलू शकतो.

कादंबरीत लॉथलोरियनच्या आरशापाशी फ्रोडो गॅलाड्रिएलला अंगठी देऊ करतो आणि ती नाकारते. खेळात ती अंगठी घेते. पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा मला हे मनापासून खटकलं, आणि अजूनही शिकणाऱ्याला मी सांगतो की चांगल्या बाजूने खेळताना अंगठीचा पर्याय बंद ठेवून बघा. त्यात डावपेचांचंही कारण आहे. अंगठी चालू असली की सगळं सैन्य गोलमच्या मागे पळतं, शेतांकडे लक्ष राहत नाही, आणि एकट्या महावीराच्या जोरावर जिंकायची खोड लागते. अंगठी चालू ठेवायचीच असेल तर गोलमला शोधायला फक्त एक वेगवान स्वारांची तुकडी द्या आणि तिच्या परतीची वाट आधी मोकळी करून ठेवा. अंगठी घेतलेली तुकडी वाटेत कापली गेली तर अंगठी शत्रूच्या पायाशी पडलेली असते.

मोहीम

स्कर्मिशमध्ये ‘मीडियम’ पातळी निवांत जिंकता येऊ लागली की चांगल्या बाजूची मोहीम घ्या. रिव्हेन्डेलपासून डोल गुल्डुरपर्यंतच्या लढाया आहेत आणि ड्वार्फ ग्लोइन व एल्फ ग्लॉरफिंडेल ह्यांची साथ मिळते. ग्रे हेवन्सला जहाजांची लढाई येते, तिथे किनाऱ्यावरची जागा आधी ताब्यात घ्या. प्रत्येक लढाईच्या सुरुवातीला आणि मोठा हल्ला परतवल्यावर खेळ सेव्ह करत चला, कारण इंदुरात मे महिन्यात वीज कधी जाईल ह्याचा नेम नाही आणि जुन्या डेस्कटॉपला इन्व्हर्टर जोडलेला असतोच असं नाही.

मोहिमेतली गोष्ट कादंबरीशी जागोजागी जुळत नाही. ग्लोइन आणि ग्लॉरफिंडेलची जोडी ही खेळवाल्यांची जुळणी आहे. म्हणून कादंबरीच्या परिशिष्टातली कालावली शेजारी उघडी ठेवा. एरेबोरची लढाई सुरू करण्याआधी 17 मार्चची नोंद वाचून घ्या, आणि डाइनला दारापासून किती पुढे न्यायचं ते मग ठरवा.