स्पीच अँड हिअरिंगला आलात? आधी देवनागरी बाजूला ठेवा

बोलण्या-ऐकण्याच्या दोषांच्या या कोर्सला आलेली नवीन मुलं सगळ्यात जास्त घाबरतात ती ॲनाटॉमीला. ती जाते हो. चित्रं काढून, घोकून, प्रसंगी रडून, पण जाते. डावी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह (स्वरयंत्राची नस) थेट स्वरयंत्राकडे न जाता छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग वर येते. म्हणून कधी कधी छातीतल्या आजाराची पहिली खूण म्हणजे नुसता बसलेला आवाज. हे कळलं की पाठांतराचा कंटाळाही थोडा कमी होतो. मेंदूतली भाषेची केंद्रं दाखवणारे ब्रोका (१८६१) आणि वेर्निके (१८७४) वगैरे परीक्षेच्या आदल्या रात्रीही जमतं.

खरी दांडी उडते ती ट्रान्सक्रिप्शनमध्ये, म्हणजे ऐकलेला ध्वनी चिन्हांत उतरवताना. माझी उडाली होती. आयपीएचा, म्हणजे ध्वनी लिहायच्या आंतरराष्ट्रीय चिन्हांचा, तक्ता समोर आला की अजूनही पोटात गोळा येतो.

‘आपण बोलतो तसंच लिहितो’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की अक्षर म्हणजेच ध्वनी असं वाटायला लागतं. ‘चार’ आणि ‘चारा’ सावकाश म्हणून बघा. पहिल्या ‘च’ला जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याला दातांमागे. अक्षर एक, आयपीएत चिन्हं वेगळी. ‘घर’मधला शेवटचा ‘अ’ आपण उच्चारतच नाही, पण नवखा विद्यार्थी तो इमानेइतबारे लिहितो.

इथपर्यंत फक्त मार्क जातात. क्लिनिकमध्ये पेशंटचं नुकसान होतं. मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणतं, समोर काकाचं चित्र असतं, आई कौतुकाने ‘काका म्हणाला बघा’ म्हणते आणि तुमचा हात ‘क’ लिहून मोकळा होतो. कान अर्थ ऐकतो, ध्वनी नाही. आता हेच मूल ‘नाक’मधला शेवटचा ‘क’ नीट म्हणत असेल, तर थेरपी कुठून सुरू करायची ते बदलतं. पण तुमच्या कागदावर दोन्हीकडे ‘क’च असेल तर हे दिसणार कसं? त्यात काही मुलं ‘त’ आणि ‘क’मध्ये इतका बारीक फरक करतात की मोठ्यांच्या कानाला तो कळतच नाही, रेकॉर्डिंग मोजल्यावरच सापडतो. तेव्हा ‘मला स्पष्ट ऐकू आलं’ असं छातीठोकपणे सांगू नका.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. चित्र न बघता रेकॉर्डिंग ऐका. अर्थ नसलेल्या शब्दांचं डिक्टेशन घ्या. एकच तुकडा दुसऱ्या दिवशी जुना कागद न बघता पुन्हा लिहा आणि दोन्ही ताडून पाहा. बोलणं मजकुरात उतरवणारी ॲप्स इथे कुचकामी, कारण ती ओळखीचा शब्द शोधून चूक परस्पर दुरुस्त करतात, आणि आपल्याला हवी असते ती चूकच. सीनियरच्या नोट्सबद्दल माझं मत वाईट आहे, त्यात निदान असतं, निरीक्षण नसतं. ‘काय झालंय?’ विचारण्याआधी ‘काय ऐकलंस?’ विचारणारा सुपरवायझर मिळाला तर त्याचा ओरडा सहन करा, पण त्याला सोडू नका.

घाबरलात? कान तयार होतो, सगळ्यांचाच होतो. गाणं यावं लागत नाही.

ऑडिओलॉजीचं, म्हणजे ऐकण्याच्या बाजूचं, थोडक्यात: शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे आणि ऑडिओग्रामवरचा (श्रवणचाचणीच्या आलेखावरचा) आकडा म्हणजे टक्के नव्हेत. ‘किती टक्के ऐकू येतं?’ असं नातेवाईक विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. मास्किंग (एक कान तपासताना दुसऱ्या कानात आवाज सोडून त्याला गुंतवणं) समजलं नाही तर पाठ करू नका, पुन्हा विचारा. नाहीतर चांगला कान गुपचूप मदत करत राहील आणि वाईट कानाचा रिपोर्ट चुकेल.

आणि स्पीच थेरपी म्हणजे नुसतं मुलांशी खेळणं असं समजून आला असाल तर आत्ताच ऐका, गिळण्याचे त्रासही आपल्याकडेच येतात. काही पेशंटना घास श्वासनलिकेत गेला तरी ठसकासुद्धा लागत नाही. त्यामुळे ‘खोकला नाही, म्हणजे ठीक आहे’ हे वाक्य केस पेपरवर कधीही लिहू नका. ही पोस्टिंग जड जाते, मलाही गेली. पण ती होईपर्यंत स्पीच की ऑडिओलॉजी हे ठरवू नका.